चॅनल स्ट्रिप (रॅकमधील अ‍ॅनालॉग)

ध्वनिमुद्रणाच्या मिक्सिंग कन्सोलवर प्रत्येक मायक्रोफोनसाठी नॉबांची एकेक उभी पट्टी असते. ती पट्टी कन्सोलपासून सुटी करून रॅकच्या पेटीत बसवली, की झाली रॅकमधली चॅनल स्ट्रिप. पेटीच्या दर्शनी पट्टीची रुंदी 19 इंच ठरलेली, उंची 1.75 इंचांच्या पटीत मोजतात आणि त्या मापाला ‘यू’ म्हणतात.

संकेत आधी प्रीअँपमध्ये शिरतो. मायक्रोफोनकडून येणारे काही मिलिव्होल्ट तिथे व्होल्टच्या घरात पोचतात. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठाही इथूनच जातो. मग हाय-पास फिल्टर पंख्याची घरघर आणि स्टँडला बसलेला धक्का गाळतो. त्यापुढे ईक्यू, म्हणजे खर्ज किंवा उंच स्वर कमी-जास्त करणारा भाग, आणि कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा झालेला आवाज दाबणारा भाग. यांतले आधी कोण, यावर जाणकारांचे वाद चालतात. ईक्यूने खर्ज वाढवून पुढे कॉम्प्रेसर लावला, तर तो त्या वाढलेल्या खर्जावरच धावून जातो. क्रम उलटा केला तर वाढ शाबूत राहते. अ‍ॅव्हलॉन व्हीटी-737एसपी या 2 यू यंत्रात हा क्रम एका बटणाने बदलता येतो.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणून बहुतेक जण नीव्ह 1073चे नाव घेतात. रूपर्ट नीव्ह यांच्या इंग्लंडमधील कंपनीचे हे 1970चे मोड्यूल. काटेकोरपणे पाहिले तर ती पूर्ण चॅनल स्ट्रिप नव्हे, कारण तिच्यात कॉम्प्रेसर नाही. प्रीअँप, हाय-पास फिल्टर आणि ईक्यू एवढाच तिचा संसार. ईक्यूचा उंच स्वरांचा पट्टा 12 किलोहर्ट्‌झवर कायमचा बांधलेला, खर्जाच्या पट्ट्याला 35, 60, 110 आणि 220 हर्ट्‌झ असे चारच थांबे. तरीही तिच्या ट्रान्सफॉर्मरमधून जाताना आवाजाला येणारा भरीवपणा आजही लोक विकत घेतात. पुढे जुने कन्सोल मोडीत निघाले तेव्हा अशी मोड्यूल सुटी काढून रॅकमध्ये बसवली गेली. 1990च्या दशकात घरगुती स्टुडिओ वाढले. एका वेळी एकच गळा किंवा एकच वाद्य मुद्रित करायचे, तर अख्खा कन्सोल कशाला? त्यामुळे मुळातच रॅकसाठी घडवलेल्या स्ट्रिपना गिऱ्हाईक मिळाले.

युनिव्हर्सल ऑडिओच्या 6176मध्ये 610 हा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) प्रीअँप आणि 1176 हा कॉम्प्रेसर एकत्र आहेत. 1176चा अटॅक, म्हणजे मोठा आवाज आल्यावर तो दाबायला लागणारा वेळ, 20 ते 800 मायक्रोसेकंद, पण नॉब उजवीकडे फिरवला की तो अधिक जलद होतो. नवखे इथे हमखास फसतात.

मुद्रण करताना स्ट्रिप लावली, की तिचा रंग संकेतात मुरतो. जास्त दाबलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही; म्हणून अनुभवी ध्वनिमुद्रक मुद्रणाच्या वेळी कॉम्प्रेसर हलकाच ठेवतात. मिक्सिंगमध्ये ही धास्ती कमी, कटकट जास्त. संगणकातला ट्रॅक अ‍ॅनालॉग करून स्ट्रिपमधून फिरवायचा आणि पुन्हा डिजिटल करून घ्यायचा. चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटे लागतातच. स्टिरिओ ट्रॅकसाठी दोन स्ट्रिप हव्यात, त्यांचे नॉबही तंतोतंत जुळायला हवेत. सलग फिरणाऱ्या नॉबांवर ते अवघड, म्हणून असे काम करणारे टप्प्याटप्प्याने ‘टक्‌’ असे थांबणारे स्विच पसंत करतात. दुसऱ्या दिवशी तीच मांडणी परत लावायची असेल, तर निघण्यापूर्वी सगळ्या नॉबांचा फोटो काढून ठेवावा लागतो.