धातूंचे नॅनोकण आणि प्रथिने

सोने, चांदी यांसारख्या धातूंचे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण रक्तात शिरले की काही क्षणांतच त्यांच्यावर प्रथिनांचा थर चढतो. या थराला प्रथिन-वलय किंवा प्रोटीन कोरोना म्हणतात; ही संज्ञा २००७ च्या सुमारास रूढ झाली. पेशीची गाठ बहुधा या थराशीच पडते, उघड्या धातूशी क्वचित. त्यामुळे नुसत्या पाण्यात पारखलेला कण शरीरातही तसाच वागेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

रक्तद्रवात अल्ब्युमिन सर्वाधिक असते, म्हणून आधी तेच कणावर बसते. पुढे प्रमाणाने कमी, पण पृष्ठभागाला अधिक घट्ट धरणारी प्रथिने त्याला हटवतात. हा व्ह्रोमन परिणाम. प्रतिपिंडे (अँटिबॉडी) व पूरक प्रथिने (रोगप्रतिकारात मदत करणारी रक्तातली प्रथिने) चिकटली, तर यकृतातील भक्षक पेशी कण गिळून टाकतात आणि कणावर लादलेले औषध इच्छित जागी पोहोचतच नाही. सोन्याचे गंधकाशी विशेष सख्य आहे. अल्ब्युमिनच्या साखळीत ३४ व्या स्थानी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल मोकळे असते, त्यातले गंधक सोन्याशी बंध जुळवू शकते. चांदीच्या कणांतून सुटणारे आयन जीवाणूंच्या विकरांतील (एन्झाइममधील) गंधकयुक्त थायॉल गटांना बांधून ती निकामी करतात.

विदर्भात सोने आणि प्रथिने यांच्या बंधाचे रोजच्या वापरातले रूप म्हणजे मलेरियाची झटपट तपासणी पट्टी. गडचिरोलीच्या जंगलातील गावांत आशाताई बोट टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतात. उमटणारी लालसर रेघ बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या कणांची असते. त्या कणांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. मलेरियाच्या परजीवीचे प्रथिन सापडले की ती त्याला पकडतात आणि कणांसकट तपासणी रेघेवर आधीच बसवलेल्या प्रतिपिंडांत अडकतात.

सोन्याला उन्हाची बाधा नाही. प्रतिपिंडाची घडी मात्र उष्णतेने बिघडते. नागपुरात नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांपुढे जातो, तर अशा पट्ट्यांच्या खोक्यांवर साठवणुकीची मर्यादा बहुधा ३० किंवा ४० अंश छापलेली असते. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत खोके ठेवणे म्हणूनच घातक. पट्टीवर दुसरी एक नियंत्रण रेघ असते, ती मलेरिया नसला तरी उमटते; ती उमटल्यावर पट्टी चांगली आहे असे अनेकांना वाटते. त्या रेघेवरून द्रव वाहिल्याचे आणि कणांवरची प्रतिपिंडे शाबूत असल्याचे कळते. तपासणी रेघेवरची प्रतिपिंडे टिकली आहेत की नाहीत, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी मलेरिया असल्याचे आधीच ठाऊक असलेला नमुना लावून त्या खेपेतील पट्टी पडताळावी लागते.