कथामालिकेतील सुसंगती आणि एआय लेखनसाधने

कथामालिकेतील सुसंगती : एकाच पात्रसमूहावर किंवा एकाच कल्पित जगावर लिहिलेल्या अनेक पुस्तकांत व्यक्ती, स्थळे, कालक्रम, नातीगोती आणि बोली यांचा मेळ राखण्याचे काम. ते पूर्वी लेखकाची आठवण, संपादकाची वही आणि मुद्रितशोधकाची नजर यांच्या भरवशावर चाले. मोठ्या भाषा मॉडेलांवर (सूचना दिली की मजकूर लिहून देणाऱ्या संगणकप्रणालींवर) चालणारी लेखनसाधने आल्यापासून त्यातला काही भाग यंत्राकडे जाऊ लागला आहे. मात्र मालिका लक्षात ठेवण्याची जबाबदारी यंत्रावर टाकली की हे काम बिघडते. ती जबाबदारी लेखकाच्या नोंदवहीची आहे. यंत्राने त्या वहीशी मजकूर ताडून पाहायचा असतो.

विसंगती थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन याला लागलेली गोळी १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे, १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत पायात. त्याचे नाव जॉन. पण १८९१ च्या एका कथेत त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणते. नायक दर पुस्तकात होता तसाच राहतो अशा मालिकेत जुन्या पुस्तकांचे ओझे कमी असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तक शाळकरी मुलगाच राहिला. जिथे माणसे वाढतात, लग्ने होतात, गुपिते फुटतात, तिथे तिसऱ्या पुस्तकापासून वहीशिवाय भागत नाही.

मॉडेलला काय दिसते : भाषा मॉडेलला आधीची पुस्तके आठवत नाहीत. त्या घटकेला त्याच्यासमोर जेवढा मजकूर ठेवला आहे तेवढाच त्याला दिसतो. या मर्यादेला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनांत, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत, मोजतात. ओपनएआय कंपनीच्या २०२० मधील जीपीटी-३ या मॉडेलची मर्यादा सुमारे दोन हजार टोकन होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गूगलच्या जेमिनी १.५ ने ती दहा लाखांपर्यंत नेली. मराठीला हा हिशेब महाग पडत आला आहे. जीपीटी-४ओ जाहीर करताना (मे २०२४) ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात एकच छोटा मराठी परिच्छेद तुकडे पाडण्याच्या जुन्या पद्धतीने ९६ आणि नव्या पद्धतीने ३३ टोकनांत बसत होता. तोच मजकूर इंग्रजीत २४ टोकनांचा होता. शब्दामागे दोन ते तीन टोकन धरले, तर ८०,००० शब्दांची मराठी कादंबरी सुमारे दीड ते अडीच लाख टोकनांची होते. पाच पुस्तकांची मालिका अनेक साधनांत एकदम मावणार नाही.

आणि मावली तरी प्रश्न मिटत नाही. लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल चांगली वापरते, मधली मात्र निसटते, असे २०२३ मधील एका गाजलेल्या अभ्यासात दिसले. नंतरची मॉडेले यात सुधारली. तरी चौथ्या पुस्तकाच्या मध्यावर एकदाच आलेला भुवईवरचा व्रण त्यांच्या हातून आजही सुटतो. म्हणून सगळी मालिका ओतण्यापेक्षा त्या प्रसंगाला लागणाऱ्या दहा-बारा नेमक्या नोंदी पुढे ठेवणे अधिक उपयोगी पडते.

साधने : दूरचित्रवाणीच्या लेखनात पात्रांची आणि कथेची सगळी माहिती एका दस्तऐवजात ठेवतात, त्याला बायबल म्हणतात. एआय साधनांनी ही कल्पना उचलली. सुडोराइटमध्ये ‘स्टोरी बायबल’ आहे, नॉव्हेलक्राफ्टरमध्ये ‘कोडेक्स’, नॉव्हेलएआयमध्ये ‘लोरबुक’. नावे वेगळी असली तरी पात्र, स्थळ, वस्तू यांची छोटी नोंद करायची आणि मजकुरात तिचे नाव आले की ती नोंद मॉडेलपुढे जायची, ही रचना बरीचशी सारखी आहे. काही साधने नावाऐवजी अर्थाच्या जवळिकीवरून जुने उतारे शोधतात. साधा चॅटबॉट आणि एक्सेलची फाइल एवढ्यावरही काम होते. फक्त कोणती नोंद कधी द्यायची ते लेखकाला हाताने ठरवावे लागते.

मराठीतील अडचण सामान्यरूपाची : नावावरून नोंद शोधणारी साधने मराठीत वारंवार फसतात. किल्लीशब्द, म्हणजे ज्यावरून नोंद शोधली जाते तो शब्द, ‘सातारा’ असेल, तर ‘साताऱ्यात’ हा शब्द यंत्राला वेगळा वाटतो. ‘पुणे’ आणि ‘पुण्याहून’ यांत यंत्राला सामाईक भाग ‘पुण’ एवढाच. पहिली नावे बहुधा वाचतात, कारण ‘पार्वतीला’ या रूपात ‘पार्वती’ अखंड असते. आडनावे घोळ करतात : पाटील–पाटलांनी, कुलकर्णी–कुलकर्ण्यांकडे, देसाई–देसायांचा, मोरे–मोऱ्यांची. नोंद पुढे गेली नाही की मॉडेल गप्प बसत नाही; ते पाटलांच्या वाड्याचे स्वतःच्या मनाने वर्णन करते, आणि ते वर्णन इतके सफाईदार असते की चूक नजरेत येत नाही.

उपाय असा : प्रत्येक नोंदीच्या पर्यायी नावांत मूळ रूप, एकवचनी सामान्यरूप आणि आदरार्थी अनेकवचनाचे सामान्यरूप घालावे, म्हणजे ‘पाटील, पाटला, पाटलां’. साधन अखंड शब्दच जुळवत असेल, तर प्रत्ययांसह नेहमीची सहा-सात रूपे लिहावी लागतात. फार आखूड किल्ली मात्र घालू नये. ‘मोर’ एवढे टाकले, तर अंगणातल्या पक्ष्यासाठी मोऱ्यांचे सगळे खटले पुढे येतील; ‘पुण्या’ने ‘पुण्याई’ही जुळेल.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘साताऱ्या’तला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, असे दोन तऱ्हांनी येते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात जुळत नाहीत. मालिकेची पहिली पुस्तके एका कीबोर्डवर आणि पुढची दुसऱ्यावर टंकलेली असली की हा दोष हमखास आढळतो. नोंदवही सुरू करण्याआधी सगळ्या फाइलींत शोधा-बदला करून एकच पद्धत ठेवावी. अनेक साधनांचे शब्दशोधन रोमन लिपी गृहीत धरून बांधलेले असते; म्हणून वीस-पंचवीस रूपे टाकून ते आधी पारखून घेणे बरे.

नोंदवही : नोंद छापलेल्या मजकुरावरून करावी, आठवणीवरून किंवा जुन्या आराखड्यावरून नाही. आराखड्यात असलेल्या कितीतरी गोष्टी पुस्तकात आलेल्याच नसतात. एक नोंद ६० ते १५० शब्दांची पुरते. याहून लांब झाली की कामाचे तपशील विशेषणांत हरवतात. प्रत्येक विधानापुढे पुस्तक आणि प्रकरण लिहावे. नमुना :

‘मालती. जन्म १९५२ (पु. १, प्र. २). उजव्या भुवईवर व्रण (पु. १, प्र. ५). सासऱ्यांना मामंजी म्हणते, नवऱ्याला अहो. पु. २, प्र. १४ पासून विधवा. पोहता येत नाही (पु. १, प्र. ११). विहिरीतल्या प्रेताबद्दल पु. ३, प्र. ९ पर्यंत काहीही माहीत नाही.’

शेवटची ओळ सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. मॉडेलपुढे सगळी कथा असते. त्यामुळे पात्राला अजून न कळलेली गोष्ट त्याच्या तोंडी जाते. रहस्यमालिकेत एवढ्याने पुस्तक फसते. कोणाला काय, कधीपासून ठाऊक आहे याचा वेगळा तक्ता ठेवावा. बदललेली स्थिती लिहिताना जुनी खोडू नये, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ लावून दोन्ही ठेवाव्यात, कारण पुढच्या पुस्तकात पूर्वस्मृतीचा प्रसंग आला की जुनीच लागते.

वय लिहू नये, जन्मवर्ष लिहावे आणि वजाबाकी एक्सेलकडे द्यावी. वयांच्या हिशेबात मॉडेल बेभरवशाचे आहे.

मराठी मालिकेत संबोधनाचा तक्ता हवाच. कोण कोणाला अरे-तुरे करतो, कोण अहो-जाहो, कोण आपण. आणि ते कोणत्या प्रसंगानंतर बदलले. इंग्रजी साधनांच्या तयार रकान्यांत याला जागा नसते, तो रकाना आपण वाढवायचा. प्रथमपुरुषी निवेदन असेल, तर निवेदकाचे लिंग मॉडेलला दिलेल्या प्रत्येक सूचनेत लिहावे. नाहीतर ‘मी गेले’ म्हणणारी बाई चार पानांनी ‘मी गेलो’ म्हणू लागते. बोलीबाबत नुसते ‘वऱ्हाडीत बोलतो’ लिहून भागत नाही. मॉडेल ग्रामीण बोलींची सरमिसळ करते, ‘मले’ आणि ‘माका’ एकाच तोंडी घालते. त्या पात्राचे आधीच्या पुस्तकांतले आठ-दहा संवाद नोंदीत जसेच्या तसे ठेवले, तर फरक स्पष्ट जाणवतो.

नोंदी काढण्याची रीत : जुन्या पुस्तकांतून नोंदी गोळा करण्याचे काम यंत्राला चांगले जमते. एका वेळी एकच प्रकरण द्यावे आणि प्रत्येक माहितीसोबत मूळ वाक्य शब्दशः मागावे. मग ते वाक्य फाइलमध्ये शोधावे. सापडले नाही, तर ती माहिती टाकून द्यावी. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तीच सोडली जाते. मॉडेलने रचलेला एक खोटा तपशील वहीत शिरला, की पुढचे प्रत्येक प्रकरण त्याच्याशी ‘सुसंगत’ लिहिले जाते, आणि मग तो शोधायला पाचही पुस्तके उलगडावी लागतात.

सारांशांचे सारांश करत जाणे हा असाच आडवळणाचा धोका. प्रकरणाचा सारांश, त्यावरून पुस्तकाचा, त्यावरून मालिकेचा असे करताना ‘तिला वाटले की त्याने पैसे घेतले’ याचे ‘त्याने पैसे घेतले’ होते. सारांश प्रत्येक वेळी मूळ मजकुरावरूनच करावा.

पडताळणी : नवे प्रकरण लिहून झाल्यावर ‘काही विसंगती आहे का?’ असे विचारू नये. मॉडेल एक तर सगळे ठीक आहे म्हणते, नाहीतर विचारणाऱ्याचे मन राखण्यासाठी नसलेली चूक दाखवते. प्रश्न नेमका हवा : या प्रकरणातील वय, जखम, वस्तू कोणाच्या हाती, दिवस-वेळ, संबोधन यांबद्दलची प्रत्येक ओळ काढ, तिच्यासमोर संबंधित नोंद ठेव, जुळते की नाही ते सांग, नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ लिही. ‘नोंद नाही’ची यादी मग लेखकाने स्वतः वाचायची, नव्या पुस्तकाच्या नोंदी तिच्यातूनच तयार होतात. प्रकरण ज्या चॅटमध्ये लिहिले त्यातच पडताळणी न करता ती कोऱ्या चॅटमध्ये करावी, कारण जुन्या चॅटमधले मसुदे आणि रद्द केलेले पर्याय उत्तरात मिसळतात.

पंचांगाची पडताळणी मॉडेलवर सोपवू नये. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. तरी मॉडेल त्या रात्री अंगणात चांदणे पसरवते. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १२ नोव्हेंबरला. गावाकडच्या कथेत कापणी, दिवाळीची सुट्टी आणि लग्नसराई यांचा मेळ अशा १९ दिवसांनी हुकतो. मालिकेत येणाऱ्या प्रत्येक वर्षाचे सण, अधिक महिने आणि पौर्णिमा-अमावास्या छापील पंचांगावरून वहीत उतरवून ठेवाव्यात.

प्रकाशन : ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर पुस्तक टाकताना एआयने निर्माण केलेला मजकूर असल्यास सप्टेंबर २०२३ पासून तसे कळवावे लागते; स्वतः लिहिलेल्या मजकुराच्या तपासणीसाठी किंवा सुधारणेसाठी एआय वापरले असेल, तर कळवण्याची सक्ती नाही. नुसती नोंदवही आणि पडताळणी यांसाठी झालेला वापर दुसऱ्या प्रकारात बसतो. अप्रकाशित हस्तलिखित कोणत्याही साधनात चढवण्याआधी ते मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाते का, हे त्याच्या अटींत आणि सेटिंगमध्ये पाहावे, आणि प्रकाशकाशी करार झाला असेल तर त्यालाही विचारावे.

पुस्तक छापून आले की अंतिम छापील मजकुरावरून त्याच्या नोंदी पुन्हा एकदा ताडून कायम कराव्यात. मुद्रितशोधनात बदललेले तपशील मसुद्याच्या फाइलीत नसतात. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती झाली, तर नोंदीपुढे आवृत्तीचा आकडाही लिहावा, कारण पहिली आवृत्ती वाचलेला वाचक जुनाच तपशील धरून पुढचे पुस्तक उघडतो.