होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालय, वॉशिंग्टन : नियोजन व उभारणी

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहाराचे अमेरिकेतील राष्ट्रीय स्मृतिसंग्रहालय. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नुसता स्तंभ किंवा पुतळा न उभारता संग्रहालय, शिक्षणकार्य आणि पुढील वंशसंहारांबाबत सावध करणारी समिती असावी, असे त्याने १९७९ मध्ये सुचवले. १९८० मध्ये कायदा झाला. जागा सरकारने दिली, इमारत देणग्यांतून उभी राहिली. उद्घाटन २२ एप्रिल १९९३ रोजी झाले. मधली बरीच वर्षे वादांत गेली. रोमा (जिप्सी) बळींना किती जागा द्यायची, ऑटोमन तुर्कांनी केलेल्या आर्मेनियन वंशसंहाराचा उल्लेख करायचा का, हे प्रश्न विटा रचण्यापेक्षा अवघड ठरले.

वास्तुशिल्पी जेम्स इंगो फ्रीड यांचे बालपण जर्मनीत गेले होते. आराखड्यापूर्वी त्यांनी छळछावण्यांची जागा पाहिली. इमारतीतील उघडे पोलाद व विटा तिथूनच आल्या. प्रेक्षक लिफ्टने चौथ्या मजल्यावर जातो आणि प्रदर्शन पाहत खाली उतरतो. ज्यूंना छावण्यांकडे नेण्यासाठी वापरत त्या प्रकारचा रेल्वेचा मालडबा १९९१ मध्ये, बांधकाम चालू असतानाच, क्रेनने आत उतरवावा लागला. त्यात पाऊल टाकणे ज्यांना असह्य होईल, त्यांच्यासाठी शेजारून वेगळी वाट ठेवली आहे. भीषण चित्रफितींचे पडदे लहान मुलांना दिसू नयेत म्हणून आडभिंतींमागे आहेत. मुख्य प्रदर्शन ११ वर्षांवरील मुलांसाठी सुचवले जाते.

काय दाखवायचे नाही, हे ठरवणे सर्वांत कठीण गेले. पोलंडमधील आउश्वित्झ छळछावणीतून स्त्रियांचे कापलेले केस आणले होते आणि ते मांडावेत असे प्रदर्शन ठरवणाऱ्या समितीत अनेकांचे मत होते. ते केस आपल्या आईचे वा बहिणीचे असू शकतील, असे छावण्यांतून जिवंत वाचलेल्यांपैकी काहींनी म्हटल्यावर केसांऐवजी त्यांचे मोठे छायाचित्र लावले गेले. निर्णय योग्यच होता. पुरावा छायाचित्रानेही पोहोचतो. पोलंडमधल्याच मायदानेक छावणीहून उसनी आणलेली सुमारे ४,००० पादत्राणे मात्र मांडली आहेत, आणि त्यांचा वास दालनात जाणवतो. असे जोडे टिकवणे सोपे नसते: हवा दमट असेल तर खिळे गंजतात, फार कोरडी केली तर चामडे तडकते.

उसनवारीचे अडथळे उशिरा कळतात. आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊ छावणीच्या लाकडी बराकीचा भाग पोलंडने १९८९ मध्ये २० वर्षांसाठी दिला. नंतर पोलंडने परदेशी उसनवारीची मुदत ५ वर्षांवर आणली आणि बराक परत मागितली गेली. पण ती सुटी करून हलवणे गुंतागुंतीचे असल्याचे संग्रहालयाचे म्हणणे पडले. म्हणून परत द्यायच्या वस्तूभोवती भिंत बांधताना ती उघडण्याची सोय मूळ आराखड्यातच असावी लागते.