सर्पगंधेपासून हॉट प्लेटपर्यंत

एम.फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधांचा एक साचा ओळखीचा झाला आहे. जटामांसी, तगर, निर्गुडी अशी एखादी वनस्पती घ्यायची, सॉक्सलेट या अर्क काढण्याच्या काचेच्या उपकरणात अर्क काढायचा, उंदरांना द्यायचा आणि शेवटी लिहायचं: अर्क चिंताशामक व वेदनाशामक आहे. हे दोन शिक्के कोणत्या चाचण्यांवर बसतात आणि त्या चाचण्या मुळात कशासाठी होत्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

सर्पगंधेच्या बाबतीत क्रम उलटा होता. उन्मादावर तिचं मूळ देण्याची परंपरा जुनीच. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण नोंदवला. मुंबईत केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळातून रिसर्पीन हे औषधी द्रव्य वेगळं केलं. आधी माणूस, मग रेणू. या औषधाने काहींना नैराश्य येतं, हेही रुग्णांमध्येच दिसलं.

उंदरांच्या चाचण्यांचं गोत्र वेगळं. १९४४ मध्ये वूल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी तापलेली पट्टी वापरली ती पेथिडीन या अफूच्या जातकुळीतल्या वेदनाशामक औषधासाठी. पुढे एडी यांनी ती रुळवली, म्हणून कॉलेजांत आजही ‘एडीज हॉट प्लेट’. पट्टी साधारण ५५ अंशांवर. उंदीर ठेवला की स्टॉपवॉच सुरू, त्याने पंजा चाटला किंवा उडी मारली की बंद. पंजा भाजू नये म्हणून पंधराएक सेकंदांनी त्याला उचलतातच. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं इथे फारशी चमकत नाहीत. त्यांच्यासाठी १९५९ पासून अ‍ॅसेटिक आम्लाची चाचणी आली. त्यात पोटात आम्ल टोचायचं आणि उंदीर किती वेळा अंग पिळवटतो ते मोजायचं.

चिंतेचं मोजमाप आणखी उशिरा आलं. डायझेपाम हे चिंताशामक औषध १९६३ पासून बाजारात होतं, पण अधिक चिन्हाच्या आकाराचा उंच चक्रव्यूह, म्हणजे प्लस मेझ, रूढ झाला १९८५ च्या सुमारास. दोन हात भिंतींचे, दोन उघडे. पाच मिनिटांत उंदीर उघड्या हातावर किती रेंगाळतो, ते पाहायचं; जास्त रेंगाळला तर चिंता कमी, असं धरायचं. ही चाचणी पारखली गेली ती डायझेपामच्या जातीच्या औषधांवर. त्यामुळे त्यांच्यासारखं वागणारा अर्क इथे सहज पास होतो. बस्पिरोन हे माणसांत चालणारं चिंताशामक मात्र इथे कधी पास, कधी नापास.

मुख्य अडचण गुंगीची आहे. अर्काने पेंगुळलेला उंदीर पट्टीवरून उशिरा उडी मारतो आणि वेदना कमी झाल्याचा आकडा मिळतो. त्यावर उपायही १९५७ पासून उपलब्ध आहे: रोटारॉड, म्हणजे फिरता दांडा. त्याच मात्रेत उंदीर दांड्यावर तोल सांभाळत असेल, तरच पट्टीवरच्या उशिराला अर्थ. ज्या प्रबंधात हा रकानाच नाही, त्यातलं ‘वेदनाशामक’ मी ‘बहुधा झोप आणणारा’ असं वाचतो.