गेल्डीचे माकड व कानअळंबी (तुलना)

बडोद्याच्या मंडईत अळंबी भाजीवाल्याकडे मिळते, त्यामुळे ती वनस्पतींतच धरली जाते. चातुर्मास पाळणाऱ्या काही मराठी घरांत आणि जैन शेजाऱ्यांकडे ती चालत नाही. जीवशास्त्राच्या हिशेबाने मात्र अळंबी झाडापेक्षा माकडाला जवळची आहे. वनस्पतींची शाखा आधीच वेगळी झाली. प्राणी आणि कवके (अळंबी, बुरशी यांचा गट) त्यानंतर बराच काळ एकाच वंशात होती. दोघांतही हरितद्रव्य नाही, आणि दोघेही अन्नाचा साठा स्टार्चऐवजी ग्लायकोजेन या साखरेपासून बनलेल्या पदार्थाच्या रूपात करतात. तुलनेसाठी इथे मुद्दाम अशी जोडी घेतली आहे, जिच्यातला एक दुसऱ्याला खातो.

गेल्डीचे माकड (कॅलिमिको गेल्डी) पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यातले. त्याचे शास्त्रीय वर्णन १९०४ मध्ये झाले. नाव एमिल गेल्डी या स्विस निसर्गशास्त्रज्ञावरून पडले. रंग काळाभोर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, धड वीतभर आणि शेपूट त्याहून लांब. जवळच्या नात्यातल्या मार्मोसेट या छोट्या माकडांना बहुधा जुळी होतात, याला एका वेळी एकच पिल्लू.

जाळीदार कानअळंबी (ऑरिक्युलॅरिया डेलिकाटा) उष्ण प्रदेशांत मेलेल्या लाकडावर वाढते, भारतातही. पावसाळ्यात पडलेल्या ओंडक्यावर अशी अळंबी दिसली तर खालून अवश्य पाहावी. वरची बाजू तपकिरी, बुळबुळीत. खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, आणि बीजाणू (ज्यांपासून नवी अळंबी उगवते ते सूक्ष्म कण) तिथेच तयार होतात. उन्हात ती आकसून कडक होते, पाऊस पडला की पुन्हा फुगते. दिसतो तो भाग फक्त बीजाणूंसाठी. खरे शरीर म्हणजे लाकडात पसरलेले धागे. हे धागे पाचकरस बाहेर सोडून लाकूड तिथेच विरघळवतात आणि मग शोषतात. माकड आधी गिळते, मग पचवते. दोघांतला सर्वांत मूलभूत फरक हाच.

बोलिव्हियाच्या जंगलात कोरड्या महिन्यांत फळे कमी झाली की हे माकड कानअळंबी आणि बांबूवरची कवके खाऊन राहते. माकडांत हे फार दुर्मीळ. कवकांच्या पेशीभित्तीत कायटिन असते, तेच कीटकांच्या कवचातही. ते सहज पचत नाही. शिवाय अळंबी आज इथे तर उद्या तिथे, म्हणून एकेका टोळीला शंभर हेक्टरांहून अधिक रान लागते. जंगल तुटले की एवढे सलग रान उरत नाही. माकडाची ही जाती आज असुरक्षित गणली जाते. माकडाने खाल्ली म्हणून रानातली अनोळखी अळंबी माणसाने खाऊ नये, कारण काही विषारी जाती खाण्याजोग्या जातींसारख्याच दिसतात.