हॉय, विल्यम एल्सवर्थ

हॉय, विल्यम एल्सवर्थ : (२३ मे १८६२–१५ डिसेंबर १९६१). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू. सेंटर फील्ड, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध क्षेत्ररक्षण करणारा आउटफील्डर. १८८८ ते १९०२ या काळात तो चार वेगवेगळ्या प्रमुख लीगमधून खेळला. तो पूर्णपणे कर्णबधिर होता. त्या काळच्या वृत्तपत्रांत आणि धावफलकांत त्याचा उल्लेख ‘डमी हॉय’ असाच येतो. ‘डमी’ म्हणजे मुका. कर्णबधिर खेळाडूंना तेव्हा सर्रास हे नाव चिकटत असे. हॉयने ते स्वतःही स्वीकारले होते आणि जुन्या नोंदी शोधताना त्याखेरीज इलाज नाही. मात्र आज ते अपमानकारकच वाटते. म्हणून या नोंदीत आडनावच वापरले आहे.

त्याचा जन्म ओहायो राज्यातील हाउकटाउन या खेड्यातला. तीन वर्षांचा असताना मेंदूज्वराने त्याची श्रवणशक्ती गेली. कोलंबस येथील कर्णबधिरांच्या राज्यशाळेत तो शिकला व आपल्या वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. शाळेत चांभारकाम शिकवत. त्या बळावर त्याने गावात जोडे दुरुस्तीचे दुकान टाकले. उन्हाळ्यात खेड्यातली माणसे अनवाणीच हिंडत, त्यामुळे दुकानात काम नसे, आणि रिकाम्या वेळी तो पोरांबरोबर बेसबॉल खेळे. पुढची सारी कारकीर्द या रिकाम्या दुपारींतून उभी राहिली.

१८८६ साली विस्कॉन्सिनमधील ऑशकॉशच्या संघाकडून, नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये, तो व्यावसायिक खेळाडू झाला. तेथे त्याची खरी अडचण उघड झाली. फलंदाजाने हुकवलेला किंवा मारण्याजोगा असूनही सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, आणि टप्प्याबाहेरून गेलेला, न खेळलेला चेंडू म्हणजे बॉल. यांचा निर्णय पंच तोंडी, मोठ्याने देत असे. हॉयला तो ऐकू येत नसल्याने प्रत्येक चेंडूनंतर त्याला मागे वळून पंचाला विचारावे लागे, आणि तो पुन्हा सावध होण्याआधीच पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) पुढचा चेंडू टाकून मोकळा होई. त्यातच त्या वर्षांत नियमही दर हंगामाला बदलत होते. नॅशनल लीगमध्ये वॉकसाठी, म्हणजे फलंदाजाला चेंडू न मारताच पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा थांबा) मिळण्यासाठी, १८८६ मध्ये सात बॉल लागत, १८८७ मध्ये पाच, आणि १८८९ पासून आजच्याप्रमाणे चार. १८८७ या एकाच वर्षी फलंदाज बाद होण्यास तीनऐवजी चार स्ट्राइक लागत. कानांनी ऐकणाऱ्यालाही जो हिशेब ठेवणे अवघड, तो हॉयला केवळ डोळ्यांनी ठेवायचा होता.

यावर निघालेला तोडगा साधा होता. तिसऱ्या बेसजवळ उभा राहणारा कोच (तेव्हा बहुधा संघातलाच एखादा खेळाडू) स्ट्राइक असेल तर उजवा हात उचले आणि बॉल असेल तर डावा. हॉय डावखुरी फलंदाजी करी. डावखुऱ्या फलंदाजाचे तोंड तिसऱ्या बेसच्या बाजूलाच असते. त्यामुळे मान न वळवता, नुसती नजर वर करून त्याला हिशेब कळे. फ्रँक सीली याच्या व्यवस्थापनाखाली ऑशकॉशने १८८७ मध्ये लीगचे विजेतेपद पटकावले आणि हॉयची फलंदाजीची सरासरीही एकदम वर गेली. ती सारी वाढ खुणांमुळेच झाली असे काही चरित्रकार मानतात. पण त्या वर्षी वॉक मिळाला तरी तो हिट (चेंडू मारून बेस गाठणे) म्हणून मोजण्याची पद्धत होती, हे विसरून चालणार नाही. सुधारणा खरी असली तरी आकड्यांत ती फुगून दिसते.

पंचांच्या हातखुणांचा उगम : आज बेसबॉलचा पंच स्ट्राइकसाठी उजवा हात उचलतो. ही प्रथा हॉयमुळे सुरू झाली, असे कर्णबधिर समाजात आणि पुष्कळ लोकप्रिय लेखनात ठामपणे सांगितले जाते. १९०२ मध्ये सिनसिनाटी संघात त्याच्याबरोबर खेळलेला सॅम क्रॉफर्ड याने उतारवयात सांगितलेल्या आठवणींतही हेच आहे. याविरुद्ध तीन दावे मांडले जातात. पहिला बिल क्लेम या पंचाचा. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममधील त्याच्या फलकावर हातखुणा सुरू करण्याचे श्रेय त्यालाच दिलेले आहे. दुसरा साय रिग्लर याचा. १९०५ मध्ये इंडियानातील एव्हान्सव्हिल येथे त्याने स्ट्राइकसाठी उजवा हात उचलण्यास सुरुवात केली असे मानतात. तिसरा दावा फारसा कोणाला ठाऊक नाही, पण कालक्रमाने तोच सर्वांत आधीचा आहे. एड डंडन हा हॉयच्याच शाळेतला कर्णबधिर पिचर. प्रमुख लीगमध्ये खेळणारा तो पहिला कर्णबधिर खेळाडू होय (१८८३). १८८६ च्या शरद ऋतूत अलाबामातील मोबील येथे एका सामन्यात तो पंच म्हणून उभा राहिला. उजव्या हाताच्या बोटांनी स्ट्राइक, डाव्या हाताच्या बोटांनी बॉल, मान हलवून नाबाद आणि हात फिरवून बाद, असे त्याने निर्णय दिल्याचे त्याच काळच्या क्रीडापत्राने छापले आहे.

या पुराव्यांचे वजन सारखे नाही. क्लेम नॅशनल लीगमध्ये आला १९०५ मध्ये, म्हणजे हॉय प्रमुख लीग सोडून गेल्यानंतर. तेव्हा हॉयने क्लेमला खुणा शिकवल्या ही कथा टिकत नाही. उलट, हॉयच्या सामन्यांत खुणा होत्या हे निःसंशय असले तरी त्या करत असे कोच, पंच नव्हे. क्रॉफर्डची साक्ष मोलाची आहे; पण तोवर साठ वर्षे लोटली होती. पंचांनी खुणा सार्वत्रिक केल्या त्या १९०५ नंतरच्या काही वर्षांत, आणि त्यामागे वाढत्या गर्दीला निर्णय कळावा हे कारणही होते. प्रस्तुत लेखकाच्या मते एकाच माणसाला जनक ठरवण्याचा आग्रह सोडावा हे बरे. उजवा हात स्ट्राइकसाठी, डावा बॉलसाठी, ही जोडी १८८६-८७ च्या सुमारास कर्णबधिर खेळाडूंनी वापरात आणली, एवढे मात्र भक्कम पायावर उभे आहे. ओहायोच्या त्या शाळेचे नाव दोन्ही धाग्यांत यावे, ही गोष्ट अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यायला हवी.

क्षेत्ररक्षण : १८८८ मध्ये हॉय वॉशिंग्टनच्या संघात दाखल झाला. उंच उडालेल्या चेंडूखाली दोन क्षेत्ररक्षक धावले की ‘माझा!’ असे ओरडायचे, हे आपल्याकडच्या क्रिकेटमध्येही मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतात. हॉयला दुसऱ्याची हाक ऐकू येणार नव्हती. त्याने खेळाडूंच्या खोलीत भिंतीवर एक लेखी निवेदन लावले. त्याचा आशय असा : मी पूर्ण बहिरा आहे, तेव्हा माझ्याभोवती खेळणाऱ्या चौघांशी टक्कर टळावी म्हणून हा खुलासा. झेल मी घेणार असेन तेव्हा मी नेहमी ओरडतो. माझा आवाज आला नाही तर मी चेंडूमागे नाही असे समजावे. ज्याला ऐकू येत नाही त्यानेच हाक देण्याची जबाबदारी आपल्याकडे घेतली, हे या निवेदनाचे मर्म. ती हाक म्हणजे शब्द नसे, घशातून निघणारा एक बारीक चिरका आवाज असे. पण सोबत्यांना तो पुरे.

१९ जून १८८९ रोजी इंडियानापोलिसविरुद्ध त्याने आउटफील्डमधून फेकलेल्या चेंडूंवर तीन धावपटू होम प्लेटवर (धाव पुरी होते त्या शेवटच्या बेसवर) बाद झाले. होम प्लेटवर ते तिन्ही चेंडू घेणारा कॅचर (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) होता कॉनी मॅक, जो पुढे फिलाडेल्फियाचा व्यवस्थापक म्हणून अर्धशतक गाजला. हॉयची उंची जेमतेम साडेपाच फूट भरेल. तरीही त्याच्या फेकीचा धाक होता.

कारकिर्दीचा आलेख : वॉशिंग्टननंतर १८९० मध्ये प्लेअर्स लीगचा बफेलो, १८९१ मध्ये अमेरिकन असोसिएशनचा सेंट लुइस, पुन्हा वॉशिंग्टन, १८९४ ते १८९७ सिनसिनाटी, त्यानंतर दोन हंगाम लुइव्हिल आणि १९०० पासून शिकागो. १९०१ मध्ये अमेरिकन लीगला प्रमुख दर्जा मिळाला, आणि त्या पहिल्याच वर्षी शिकागो विजेता ठरला. १ मे रोजी हॉयने तिन्ही बेसवर सहकारी उभे असताना होमरन (एकाच फटक्यावर सारे बेस पार करून धाव) मारला. त्या लीगमधला असा तो दुसराच. पहिला त्याच सामन्यात त्याचा सहकारी हर्म मॅक्फार्लंड याने मारला होता.

त्याच्या नावावर दोन हजारांहून अधिक हिट, चौदाशेवर धावा, सुमारे एक हजार वॉक आणि ४० होमरन आहेत. चोरलेल्या, म्हणजे फटक्याशिवाय धावून पटकावलेल्या, बेसचा आकडा ५९५ च्या आसपास असून वेगवेगळ्या संदर्भग्रंथांत त्यात थोडा फरक आढळतो. १८८८ च्या पहिल्याच हंगामात ८२ बेस चोरून तो नॅशनल लीगमध्ये अव्वल ठरला. मात्र १८९८ पूर्वी सहकाऱ्याच्या हिटवर एखादा जादा बेस घेतला तरी तोही चोरलेला धरत. त्यामुळे हा आकडा आजच्या खेळाडूंच्या आकड्याशेजारी सरळ ठेवता येत नाही. वॉकबाबत असा पेच नाही. १८९१ आणि १९०१ या दोन्ही वर्षी तो आपापल्या लीगमध्ये वॉक मिळवण्यात पहिला होता. नजरेवर विसंबून जगणाऱ्या माणसाची चेंडूची पारख कशी असेल, ते यावरून दिसते.

१६ मे १९०२ रोजी सिनसिनाटीकडून खेळताना त्याच्यासमोर न्यूयॉर्क जायंट्सचा ल्यूथर टेलर हा कर्णबधिर पिचर उभा राहिला. प्रमुख लीगमध्ये कर्णबधिर पिचर आणि कर्णबधिर फलंदाज समोरासमोर येण्याचा हा पहिला प्रसंग. फलंदाजीला येताना हॉयने हातांच्या खुणांनी त्याची विचारपूस केली, आणि त्या सामन्यात त्याच्या चेंडूंवर दोन हिट मारले. १९०३ चा हंगाम पॅसिफिक कोस्ट लीगमधील लॉस अँजेलिसच्या विजेत्या संघात घालवून तो निवृत्त झाला.

उत्तरायुष्य : ॲना मारिया लोअरी या कर्णबधिर शिक्षिकेशी त्याचा विवाह १८९८ मध्ये झाला होता. निवृत्तीनंतर सिनसिनाटीजवळ माउंट हेल्दी येथे त्याने दुग्धव्यवसाय केला. ७ ऑक्टोबर १९६१ रोजी सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर वर्ल्ड सिरीजच्या (हंगामाअखेरच्या अजिंक्यपद मालिकेच्या) तिसऱ्या सामन्याचा पहिला चेंडू टाकण्याचा मान ९९ वर्षांच्या हॉयला मिळाला. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याला ऐकू येत नव्हत्या, दिसत होत्या. दहा आठवड्यांतच त्याचे निधन झाले.

वॉशिंग्टनमधील गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाने २००१ मध्ये आपल्या बेसबॉल मैदानाला त्याचे नाव दिले; सिनसिनाटी रेड्सच्या सन्मानदालनात २००३ मध्ये त्याचा समावेश झाला. कूपर्सटाउनमध्ये त्याची निवड व्हावी यासाठी कर्णबधिर संघटनांनी अनेक वर्षे मागणी लावून धरली आहे.