सिनेमास्कोप की ७० एमएम? रुंद पडद्याचे दोन वेगळे रस्ते

पडदा भिंतभर दिसला की ‘सेव्हन्टी एमएम’ म्हणून मोकळं व्हायचं, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. सिनेमास्कोपही त्यातच जमा धरला जातो. पण ७० एमएम ही फिल्मच्या पट्टीची रुंदी आहे, आणि स्कोप ही लेन्सची करामत. एकात पट्टीच मोठी घेतली. दुसऱ्यात नेहमीची ३५ एमएमची पट्टी ठेवून रुंद चित्र तिच्यात दाबून बसवलं.

ही दाबायची युक्ती आंरी क्रेतिएन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची, १९२० च्या दशकातली. (दुर्बिणींच्या जगातही त्यांचं नाव मोठं आहे.) तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढे अमेरिकेत टीव्हीने प्रेक्षक पळवायला सुरुवात केली, तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ती उचलली आणि १९५३ मध्ये ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. आपल्याकडे १९५९ चा ‘कागज़ के फूल’ हा पहिला स्कोप चित्रपट. दिग्दर्शन गुरुदत्त यांचं, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा.

कॅमेऱ्यावरची अ‍ॅनामॉर्फिक लेन्स चित्राची रुंदी निम्मी करते, उंचीला हात लावत नाही. त्यामुळे फिल्म हातात धरून बघितली तर बैलगाडीचं चाक उभ्या अंड्यासारखं आणि माणसं काटकुळी दिसतात. प्रोजेक्टरवरची लेन्स तेच चित्र आडवं दुप्पट ताणते आणि चाक पुन्हा गोल होतं. म्हणजे लेन्सची जोडी हवी, एक शूटिंगला, एक थिएटरात. खरी गंमत होती ती ऑपरेटरच्या केबिनमध्ये. आधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील, ती साध्या लेन्सची. मग मुख्य चित्रपट, तो स्कोप. मध्ये लेन्स बदलायची राहिली की नायक-नायिका बांबूसारखे उंच, आणि खालून शिट्ट्यांचा पाऊस. उलट घोटाळा झाला, स्कोपची लेन्स न्यूजरीलवर चढली, तर धरणाचं उद्घाटन करणारे मंत्री दुप्पट रुंद! 

या लेन्सच्या खुणा चित्रातही उरतात. मागचे धूसर दिवे गोल न दिसता लांबट दिसतात, समोरून गाडीचे दिवे आले तर आडवी रेघ पडद्यावर ओढली जाते. सुरुवातीच्या स्कोप लेन्समध्ये तर क्लोजअप घेतला की चेहरा गालगुंड झाल्यासारखा फुगायचा.

७० एमएममध्ये सहसा असलं काही दाबणं-ताणणं नाही. टॉड-एओ पद्धतीचा ‘ओक्लाहोमा!’ १९५५ मध्ये आला, तो या घराण्यातला. निगेटिव्ह ६५ एमएमची, थिएटरातली प्रिंट ७० एमएमची. वाढीव ५ एमएम मुख्यतः आवाजाच्या चुंबकीय पट्ट्यांसाठी, एकूण सहा ट्रॅक. एका फ्रेमला ३५ एमएमवर कडेची चार छिद्रं लागतात, इथे पाच. चित्राची जागा स्कोपच्या अडीच पटींहून जास्त, त्यामुळे पडद्यावर तेवढं कमी मोठं करावं लागतं. चित्र स्थिर, उजळ आणि काठापर्यंत रेखीव. दोन्ही युक्त्या एकत्र केल्याचीही उदाहरणं आहेत: १९५९ चा ‘बेन-हर’ ६५ एमएमवर, वर १.२५ पट दाबलेला.

खर्चाचं गणित मात्र उघड होतं. स्कोपला चालू प्रोजेक्टरपुढे एक लेन्स आणि रुंद पडदा मिळाला की काम भागायचं, म्हणून तो तंबूतल्या टुरिंग टॉकीजपर्यंत पोचला. ७० एमएमला मशीनच वेगळं, साउंडही वेगळा. ते शहरातल्या मोजक्या थिएटरांनाच परवडलं.

आता ‘शोले’कडे येऊ. १५ ऑगस्ट १९७५ ला तो प्रदर्शित झाला, मुंबईत मिनर्व्हा थिएटरला ७० एमएमची प्रिंट आणि सहा ट्रॅकचा आवाज. पण शूटिंग झालं ते ३५ एमएमवर, साध्या लेन्सनी. नंतर लंडनला ते चित्र ७० एमएमवर मोठं करून उतरवलं. ३५ एमएमच्या फ्रेमची रुंदी-उंची १.३७ ला १, म्हणजे त्या मानाने उभट, ७० एमएमची २.२ ला १. म्हणजे वरचा-खालचा भाग कापणं आलंच, आणि फ्रेमचा साधारण ६० टक्के भाग उरला. स्कोपवाला तर फ्रेमची उंची पुरेपूर वापरतो. त्यामुळे निव्वळ निगेटिव्हवर नोंदलेलं चित्र बघितलं, तर एखाद्या स्कोप चित्रपटाकडे ‘शोले’पेक्षा जास्त ऐवज होता! निगेटिव्हवर जो बारकावा नाही, तो प्रिंट मोठी केल्याने येत नाही. मग मिनर्व्हात लोक भारावले कशाने? माझ्या मते आवाजाने, आणि मोठ्या प्रिंटमधून मिळणाऱ्या भरपूर उजेडाने.

आजच्या डिजिटल थिएटरात ‘स्कोप’ म्हणजे फक्त २.३९ ला १ हा आकार. तो २०४८ गुणिले ८५८ पिक्सेलांत बसतो. लेन्सने काही दाबलेलं असेलच असं नाही. दाबणारी लेन्स उरली ती कॅमेऱ्यावर, आणि आता मोबाइलवरही. मोबाइलच्या बऱ्याच लेन्स १.३३ पट दाबतात, म्हणजे १६:९ चं चित्र ताणल्यावर जवळपास २.३७ ला १ होतं. घेणार असाल तर एवढं बघा, की तुमच्या अ‍ॅपमध्ये ते ताणायची सोय आहे का. नसेल तर काटकुळे नायक घरच्या घरी.